एजंटला सरंजाम कळतो का?

जुलै संपत आला की आपल्याकडे १९५४ ची आठवण निघतेच. २८ जुलैला कार्यकर्त्यांनी नरोलीची पोलीस चौकी ताब्यात घेतली, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. समजा, एखाद्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी फोनमधल्या एआयला सांगितलं, "नरोलीतल्या मुक्तिलढ्याची माहिती दे, आणि पोर्तुगीजांकडे हा भाग मुळात गेला कसा तेही सांग." अर्ध्या मिनिटात दोन पानं हजर होतील. ती आली कुठून, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. या लेखात तेवढंच पाहू.

एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा किंवा सरकारी कचेरीबाहेरचा एजंट आठवतो. आपण फक्त काम सांगायचं. कोणत्या खिडकीवर जायचं आणि कोणता फॉर्म भरायचा, हे तो बघतो. सॉफ्टवेअर एजंटची कल्पना हीच. १९९४ मध्ये एमआयटीतल्या पॅटी माएस यांनी एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं की ईमेल, बैठका आणि बातम्यांच्या माऱ्यात आपल्या सवयी शिकून आपल्या वतीने काम करणारे असे मदतनीस हवेत. आजचा एजंट प्रश्नाचे तुकडे करतो, शोधायचे शब्द ठरवतो, कागद आणतो, वाचतो, कमी पडलं तर पुन्हा शोधतो आणि मग उत्तर लिहितो. यातला कागद शोधून आणण्याचा भाग म्हणजे माहितीशोध. हा भाग फसला, तर पुढची भाषा कितीही गोड असली तरी उपयोग नाही.

माहितीशोधाचा पाया साधा आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी यंत्र सगळ्या कागदांची सूची करतं. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली: जो शब्द थोड्याच कागदांत सापडतो, त्याला जास्त वजन द्यायचं. म्हणजे आपल्या प्रश्नात 'माहिती'पेक्षा 'नरोली' हा शब्द जास्त मोलाचा.

इथे मराठीची गंमत सुरू होते. आपण 'नरोली' एवढंच क्वचित लिहितो. नरोलीत, नरोलीहून, नरोलीच्या, नरोलीतल्या, नरोलीकरांनी. यंत्राच्या लेखी हे पाच वेगळे शब्द. नरोलीचं मूळ रूप निदान शाबूत राहतं. पण 'पाणी'चं 'पाण्यात' होतं, 'विहीर'ची 'विहिरीत' होते. शाळेत कंटाळवाणं वाटलेलं सामान्यरूप इथे आडवं येतं. मग प्रत्यय कापून मूळ शब्दाकडे जाणारा प्रोग्राम लिहावा लागतो. तोही जपून. 'शेवटचा त काढ' एवढाच नियम दिला, तर 'घरात'बरोबर 'भात'ही कापला जातो आणि हातात 'भा' उरतो.

याने फरक किती पडतो, हे मोजलं गेलं आहे. भारतीय भाषांतल्या माहितीशोधाची कसोटी घेण्यासाठी २००८ मध्ये 'फायर' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मराठीसाठी महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळमधल्या बातम्यांचा संग्रह होता. त्याच संग्रहांवर स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाच्या डोलामिक आणि सावोय या संशोधकांनी प्रयोग केले. प्रत्यय नीट कापल्यावर शोधाची अचूकता बंगालीत सुमारे १८ टक्के, हिंदीत २८ टक्के आणि मराठीत तब्बल ४२ टक्के सुधारली. म्हणजे इंग्रजीसाठी बेतलेलं यंत्र मराठीला जसंच्या तसं लावलं, तर तिघांत जास्त नुकसान आपलंच.

पुढे तंत्र बदललं. आता शब्दांचं रूप जुळवण्यापेक्षा अर्थ जुळवणारी मॉडेल्स वापरतात. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुरावर शिकवलेलं 'महाबर्ट' सर्वांसाठी खुलं केलं. ही मोठी मदत आहे. पण अर्थ जुळवायलाही आधी त्या भाषेतला कागद हाती यावा लागतो. तो न आल्यास काय होतं, याचं उदाहरण आपल्याच दारात आहे.

दादरा-नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दमणहून इथे येण्याचा आपला हक्क भारताने अडवला, असं त्याचं म्हणणं. वाद पोचला थेट पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहाच्या सतराव्या कलमापर्यंत. पोर्तुगालने पुढे केलेल्या पाठातून या गावांची सत्ताच दिल्यासारखा अर्थ निघत होता. मराठी पाठात आणि सनदांत मात्र शब्द होते जहागीर, सरंजाम. म्हणजे १२ हजार रुपये महसुलाची गावं उत्पन्नासाठी दिलेली, राज्य दिलेलं नव्हे. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांपुरतं हेच मान्य केलं. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगालची सत्ता गृहीत धरली गेली, असंही त्यात आहे. शेवटी सैन्य आणि पोलीस नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता आणि भारताने कर्तव्याचा भंग केला नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

आता आपल्या त्या प्रकल्पाकडे पाहा. एजंटने फक्त पोर्तुगीज बाजूचे कागद आणले तर तो लिहील, 'मराठ्यांनी हा प्रदेश पोर्तुगीजांना देऊन टाकला.' फक्त आपल्या बाजूचे आणले तर इंग्रज काळाचा मुद्दा गळेल. दोन्ही वेळा वाक्यं सफाईदारच असतील, आणि शिक्षकांनाही कदाचित खटकणार नाहीत.

म्हणून मुलांनो, तीन गोष्टी करून बघा. एक, उत्तराबरोबर मूळ कागद मागा आणि तो उघडा. हा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. दोन, तोच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत विचारा. गावाचं नाव सिल्वासा, सेलवास, सिल्व्हासा असं बदलूनही शोधा. उत्तरं वेगळी आली, तर खरा अभ्यास तिथून सुरू होतो. तीन, घरातल्या आजी-आजोबांना या भागातले जुने दिवस आठवत असतील, तर ते मराठीत लिहून काढा, गाव आणि साल यांच्यासकट. साल नक्की नसेल तर तसंही लिहा. प्रत्यय कापणारे प्रोग्राम आम्ही सुधारत राहू. पण जे कुठे लिहिलेलंच नाही, ते कोणताही एजंट शोधून आणू शकत नाही.