कॅनव्हासमागचे झाड

अतिवास्तववाद म्हटला की आपले समीक्षक 'स्वप्न' आणि 'नेणीव' हे दोन शब्द उच्चारून मोकळे होतात. बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रित (१८९८-१९६७) याला हे शब्द पुरत नाहीत. भिंतीला चिकटवायच्या कागदांची नक्षी काढून, जाहिराती रंगवून काही काळ पोट भरलेला हा माणूस. त्याच्या चित्रांत धूसर असे फारसे काही नसते.

त्याचे १९३३ चे 'मानवी अवस्था' हे चित्र घ्या. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खोलीची खिडकी, दोन्ही बाजूंना पडदे. खिडकीसमोर ईझलवर एक कॅनव्हास आणि त्यावर बाहेरचाच देखावा: कुरण, झाड, ढगाळ आकाश. रंगवलेला देखावा बाहेरच्या देखाव्याशी असा बेमालूम जुळतो की उजवीकडची पांढरी, खिळे ठोकलेली कड दिसली नसती तर कॅनव्हास चटकन लक्षातच आला नसता.

वर्गात या चित्राची छापील प्रत दाखवून मी विचारतो, कॅनव्हासच्या मागे काय आहे? मुले एका सुरात म्हणतात, झाड. कशावरून? तर चित्रात आहे म्हणून! मागचे कुणीच पाहिलेले नाही. शिवाय खिडकीबाहेरचे कुरणही रंगच आहे. तेव्हा कॅनव्हास बाजूला केला की सत्य हाती लागेल, अशीही सोय मॅग्रितने ठेवलेली नाही.

१९३८ साली अँटवर्पच्या व्याख्यानात त्याने याचा उलगडा केला. पाहणाऱ्याच्या मनात ते झाड एकाच वेळी खोलीत असते आणि बाहेरही. जग आपण आपल्याबाहेर पाहतो, पण आपल्यापाशी असते ते त्याचे मनातले चित्र. इथवर मला पटते. पण ही अवस्था साऱ्या मानवांची एकसारखी कशी? सांधा जुळतो तो एकाच जागेवरून. पाहणारा दोन पावले सरकला तर रंगवलेले कुरण बाहेरच्या कुरणापासून तुटेल. ती जागा ठरवतो कोण?

माझ्या शाळेच्या पुस्तकात गावाचा धडा होता. देऊळ, पार, विहीर, पाटलाचा वाडा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. घरी दुसरे पुस्तक नव्हते. धड्यातले सगळे माझ्या गावाशी जुळत होते. वेशीबाहेरची आमची वस्ती तेवढी त्यात नव्हती, आणि तिच्यावाचून गाव अपुरे दिसत नव्हते.

१९३५ मध्ये मॅग्रितने याच नावाने पुन्हा चित्र काढले, त्यात समुद्र आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी मुलांना आधी कॅनव्हासची कड शोधायला लावतो. झाडाचे, समुद्राचे मग बोलू.