यंत्र बदलले तरी न बदलणारे नियम

गैरसमज: संगणक माणसाने बनवला. मग संगणकशास्त्र ही फार तर कारागिरी. त्याला स्वतःचे नियम कुठून असणार?

वस्तुस्थिती: यंत्र माणसाचे, पण त्याच्या मर्यादा माणसाने ठरवलेल्या नाहीत. इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मालाही आला नव्हता, तेव्हा १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंगने गणनेच्या सीमा दाखवून दिल्या. त्याच युक्तिवादातून निघते, की दिलेला प्रोग्रॅम कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. समजा, असा परीक्षक कोणी लिहिलाच. मग त्यालाच पोटात घेऊन दुसरा प्रोग्रॅम लिहावा. तो स्वतःबद्दलचे भाकीत आधी विचारतो आणि नेमके उलटे वागतो: ‘थांबेल’ म्हटले की चालत राहतो, ‘चालत राहील’ म्हटले की थांबतो. परीक्षक खोटा पडलाच! मेमरी वाढवा, क्वांटम संगणक आणा, यातून सुटका नाही.

दुसरा नियम मोजता येण्याजोगा आहे. दहा लाख नावे दोन-दोनची तुलना करत अकारविल्हे लावायची, तर पद्धत कितीही हुशारीची असो, वाईटात वाईट परिस्थितीत सुमारे १ कोटी ८५ लाख तुलना लागतातच. कारण संभाव्य क्रम अफाट, आणि एका तुलनेत त्यांतले निम्म्याहून अधिक बाद होतील याची खात्री कधीच देता येत नाही.

गैरसमज: ‘मूरचा नियम’ हा या शास्त्राचा मूलभूत नियम.

वस्तुस्थिती: नाही. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते, हे गॉर्डन मूर यांचे १९६५ मधील निरीक्षण. १९७५ मध्ये त्यांनीच ही मुदत दोन वर्षांवर नेली.

गैरसमज: हे तर सारे गणितच, यात कसोटीला लावण्यासारखे काही नाही.

वस्तुस्थिती: मला इथेच हे शास्त्र सर्वाधिक जिवंत वाटते. एखादी संख्या मूळ आहे का, हे वेगाने आणि निश्चितपणे ठरवण्याची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केली. पण प्रचंड संख्येचे अवयव पाडण्याची तशी वेगवान रीत आजच्या संगणकांसाठी कोणालाच सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. तरीही आरएसए ही सांकेतिक पद्धत याच गृहीतकावर उभी आहे, आणि जगभरचे संशोधक ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न आजही करत आहेत.