पिंगुळी : जिथे चित्र ऐकायचं असतं

कुडाळ स्थानकावर उतरलेली माणसं बहुधा दोन वाटांनी पांगतात, काही मालवणकडे, काही वेंगुर्ल्याकडे. मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन निघालेले तर कुडाळात चहालाही थांबत नाहीत. महामार्गाने सावंतवाडी, बांदा करत ते थेट गोवा गाठतात. या सगळ्यांच्या वाटेला लागूनच, कुडाळपासून अवघ्या काही किलोमीटरवर पिंगुळी आहे. राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांना हे नाव ठाऊक असतं. याच गावाच्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची वस्ती आहे, आणि त्या वस्तीत एका घरच्या जुन्या गोठ्यात महाराष्ट्रातल्या अतिशय दुर्मीळ कलांपैकी काही अजून नांदत आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

'ठाकर आदिवासी कला आंगण' असं त्या जागेचं नाव. संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची कपाटं, पहारेकरी आणि 'हात लावू नये'ची पाटी येते. इथे घराचं खळं ओलांडून आत जायचं. गुरांची दावणी जिथे होती तिथे आज चित्रांच्या पोथ्या आहेत, छताच्या आधाराने लटकणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, वाद्यं आहेत. परशुराम विश्राम गंगावणे यांनी हे २००६ च्या सुमारास उभं केलं. सरकारी इमारत मिळेल, अनुदान येईल, मग बघू, असं म्हणत ते थांबले असते तर आज दाखवायला काही उरलं असतं की नाही याची शंकाच आहे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अनेक मराठी घरांनी पिंगुळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

तिथे गेल्यावर मी सवयीने भिंतीवरची चित्रं उभ्या उभ्या बघत पुढे सरकू लागलो. 'उभे कित्याक? बसा हय,' असं घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने म्हटलं आणि चटई सरकवली. ते अगत्य तर होतंच, पण चित्रकथी बघायची पद्धतही तीच आहे, हे बसल्यावर कळलं.

चित्रकथी म्हणजे चित्रांच्या आधाराने कथा सांगणारा माणूस. ती कला, ती चित्रं आणि ती सांगणारा या सगळ्यांना आपण सरसकट हेच नाव देतो. एका कथेची चित्रं एकत्र ठेवलेली असतात, त्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. साधारण वहीच्या दुप्पट आकाराचे सुटे कागद, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी मांडी घालून बसतो, पोथी समोर उभी धरतो. एका प्रसंगाचं कथन झालं की कागद उलटतो, पुढचा प्रसंग समोर येतो. जोडीला टाळ, वीणा आणि हुडूक. हुडूक म्हणजे डमरूच्या घाटाचं, मधे बारीक असलेलं वाद्य. राजस्थानातली फड एकाच लांब कापडावर रंगवलेली असते, बंगालातले पटुआ चित्रांची गुंडाळी उलगडत जातात. आपल्याकडे मात्र पानं सुटी. त्यामुळे पुढच्या पानावर काय आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि उत्सुकता शेवटपर्यंत टिकते. रात्रभर गाव जागवायचं असेल तर ही युक्ती मोलाची होती.

आता एक पान जवळून बघा. रावणाच्या दरबारातला प्रसंग आहे. माणसं जवळपास सगळी एका अंगाने काढलेली, चेहऱ्याचा एकच डोळा दिसतो, पण तो असा टपोरा की सगळा भाव त्यातच उतरलेला. काळ्या रेषेने आकार बांधलेला, त्यात तांबडा, विटकरी, हिरवा, पिवळा. मागे डोंगर नाही, आकाश नाही, घर नाही. कागद तसाच मोकळा सोडलेला. जी काही हौस केली आहे ती वस्त्रांवर आणि दागिन्यांवर. धोतराच्या काठावर ठिपके, शेल्यावर वेल, मुकुटावर बारीक नक्षी. चित्रकाराने मागचा कागद रिकामा का ठेवला असावा याचा विचार करताना मला वाटलं, की तो भाग गाणाऱ्याचा आहे. लंका कशी होती, रात्र किती झाली होती, वारा कुठून सुटला होता, हे सगळं आवाजातून यायचं. चित्राने फक्त माणसं पुरवायची.

म्हणूनच चौकटीत टांगलेली चित्रकथी बघताना मला नेहमी काहीतरी हरवल्यासारखं होतं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात असंच एक जुनं पान पाहिलं होतं. उत्तम प्रकाशयोजना, भारी चौकट, आणि खाली एवढीच ओळ : पैठण शैली, चित्रकार अज्ञात. कोणती कथा, कोणता प्रसंग, ते कुठे गायलं जायचं, काही नाही. लोक अर्धा मिनिट थांबत आणि पुढे जात. पिंगुळीत तसंच पान समोर ठेवून गाणं सुरू झालं तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाचा प्रसंग चांगला पंधरा मिनिटं चालला.

या 'पैठण' नावाचीही एक गोष्ट आहे. अशी काही जुनी चित्रं संग्राहकांना पैठणला मिळाली, आणि अभ्यासकांत 'पैठणी चित्रं' हेच नाव रूढ झालं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या चित्रांचा मोठा संग्रह आहे, तो प्रत्येक मराठी माणसाने बघावा असा आहे. पण ही चित्रं गाऊन दाखवणारी घराणी पिंगुळीत नांदत होती, हे अभ्यासकांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आलं. मणि कौल यांनी १९७७ मध्ये 'चित्रकथी' नावाचा माहितीपट केला, तोवर गावोगावच्या देवळांतले खेळ उतरणीला लागले होते. ज्या गावाने कला सांभाळली त्याचं नाव कलेला मिळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पिंगुळी चित्रकथी' हा शब्द आता रुळतो आहे, तो आपण जाणीवपूर्वक वापरला पाहिजे.

पोथ्यांतल्या कथा रामायण-महाभारतातल्याच, पण संस्कृत ग्रंथांपेक्षा मराठी घरांत वाचल्या गेलेल्या 'रामविजय', 'पांडवप्रताप' या श्रीधरांच्या ग्रंथांशी त्यांचं नातं जवळचं. इंद्रजितवध, अहिरावण-महिरावण, सीताशुद्धी, द्रौपदी स्वयंवर. देवळात जमलेल्या शेतकऱ्याला, वाडीतल्या म्हातारीला या कथा तोंडपाठ असायच्या. कथा माहीत असूनही माणसं जागत, कारण आजचा गाणारा ती कशी सांगतो हे ऐकायचं असे.

ठाकरांच्या या कलांना सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांचा आश्रय होता. कोणत्या घराण्याने कोणत्या देवळात कला सादर करायची, हे ठरलेलं असे, आणि तो हक्क पिढीजात चाले. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कलावंताला प्रेक्षक शोधत फिरावं लागत नव्हतं. नवरात्रात अमुक गावी आपला जागर, तिथे मिळणारं धान्य, नारळ, बिदागी, सगळं बांधलेलं. संस्थानं विलीन झाली, त्यांच्या मागोमाग सिनेमा आला, मग घराघरात टीव्ही आला, आणि ही वीण उसवली. पोरं मुंबईला गेली. जुन्या पोथ्यांतली पानं एकेक करून संग्राहकांच्या हाती गेली, कारण चुलीवर भात शिजवायचा होता. यात त्या विकणाऱ्यांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, तसंच झालं होतं. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती कला पुन्हा उभी केली. तिच्यामागे राजवाडा होता, आणि इथे मात्र एक गोठा. दोन्ही ठिकाणं एका दिवसात बघून होतात, आणि ती एकाच दिवशी बघावीत.

चित्रकथी हा ठाकरांच्या अनेक कलांपैकी एक प्रकार. इथले कलावंत आपल्या अकरा लोककला मोजून दाखवतात. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, राधानृत्य, पांगुळ, गोंधळ, फुगडी अशी ती नावं. त्यांतल्या बाहुल्यांपाशी मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो.

कळसूत्री बाहुल्या पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात कोरलेल्या. हातात घेतली तर वजनच जाणवत नाही. डोळे मात्र पोथीतल्या माणसांसारखेच टपोरे. डोक्याला, हातांना दोरे, ते वर कलावंताच्या हातात. खेळाची सुरुवात गणपतीने. कोकणातल्या दशावताराची रीतच इथे लाकडात उतरलेली आहे. एक बाहुली खुंटीला टांगलेली होती, मान एका बाजूला कललेली, हात लोंबते. कलावंताने ती उचलली, दोऱ्यांचा गुंता न बघताच सोडवला आणि मनगट किंचित फिरवलं. मान वर आली, हात जोडले गेले, नमस्कार झाला. त्या एका क्षणात माझ्या शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने उलट नमस्कार केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सूत्रधाराच्या दोरीने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीत येतो, म्हणजे हा खेळ मराठी मुलखाला सातशे वर्षांपूर्वी इतका ओळखीचा होता की तत्त्वज्ञान समजवायला त्याचा आधार घेता यावा.

चामड्याच्या बाहुल्या सावल्यांच्या खेळासाठी. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि मधे कातड्यावर कोरून छिद्रं पाडलेली, रंगवलेली आकृती. आंध्रातल्या बाहुल्या माणसाच्या उंचीला येतील एवढ्या मोठ्या असतात, इथल्या लहान. पडद्यावरची सावली आणि पोथीतलं चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की दोघांची ठेवण एकच आहे हे लगेच दिसतं. तेच एका अंगाने काढलेले चेहरे, तोच डोळा, तीच नक्षी. आधी सावली की आधी चित्र, हा वाद जाणकारांनी घालावा. मला एवढं दिसलं की तो एकाच वस्तीचा हात आहे.

आज गंगावणे कुटुंबातली पुढची पिढी हे काम बघते. वस्तीत मसगे यांच्यासारखी बाहुल्यांचं काम करणारी इतर घराणीही आहेत, त्यामुळे पिंगुळीची कला एका घरापुरती नाही, हे नोंदवायला हवं. मुलांच्या कार्यशाळा होतात, शाळांच्या सहली येतात. जुन्या पोथ्यांच्या शैलीत नवी चित्रं काढून विकली जातात. स्वच्छता, व्यसनमुक्ती, मुलींचं शिक्षण अशा विषयांवर बाहुल्यांचे खेळही बसवले जातात. काही शुद्धतावाद्यांना ते खटकतं. मला खटकत नाही. देवळातला जागर बंद पडल्यावर शाळेच्या पटांगणात जर बाहुली उभी राहत असेल, तर तिचे दोरे धरणारा हात शाबूत राहतो, आणि उद्या पुन्हा इंद्रजितवध करायचा झाला तर तो हात लागणारच आहे.

खरी काळजी वेगळी आहे. चित्र काढायला शिकणारी मुलं मिळतात, कारण चित्र विकलं जातं. गाणं शिकायला वेळ फार लागतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही. तासन्‌तास चालणारी कथा पाठ करणं, हुडुकाच्या ठेक्यावर ती पेलणं, प्रसंगाप्रमाणे आवाज बदलणं, याला वर्षं जातात. पाहुणे येतात, दहा मिनिटांचा नमुना ऐकतात, फोनवर टिपतात, एखादं चित्र घेतात आणि निघतात. चित्र घेतलं हे चांगलंच केलं, त्यातून घर चालतं. पण सगळ्यांनीच दहा मिनिटं ऐकली तर उरलेल्या कथेचं काय होणार? ऐकणारा नसेल तर ती कथा कोणीही पाठ करणार नाही, आणि आज जो ती पूर्ण जाणतो त्याच्याबरोबर ती जाईल. मग पिंगुळीचीही चित्रं चौकटीत जातील आणि त्यांच्याखाली एक ओळ येईल.

जिल्हा परिषदेच्या आणि महाविद्यालयांच्या मंडळींनी यात लक्ष घातलं तर फार खर्चाचं काम नाही. वर्षातून एकदा, एका देवळात, एक पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गायली जावी आणि तिचं नीट ध्वनिमुद्रण व्हावं. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटनाच्या नकाशावर समुद्र आहे, किल्ला आहे, मासळी आहे. एक रात्र चित्रकथीचीही असू शकते. दशावतारासाठी रात्र रात्र बसणारा मुलूख आहे हा, त्याला जागरण शिकवायला नको.

तोवर, तुम्ही कोकणात निघाला असाल तर कुडाळला थांबा. पिंगुळीला आधी कळवून जा, म्हणजे गाणारी मंडळी घरी भेटतील. दुपारचा निदान दीड तास मोकळा ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना पुढे बसवा. चित्र आवडलं तर किमतीत घासाघीस न करता घ्या आणि घेताना त्यातला प्रसंग विचारून कागदाच्या मागे लिहून ठेवा. आणि कथा सुरू झाली की फोन खिशात टाकून ती शेवटच्या पानापर्यंत ऐका.