कमरेचे पिस्तूल जागच्या जागी राहते कसे?

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी आपण शिवनेरीवर गेला असाल, तर पायऱ्यांवरची गर्दी आठवून पाहा. त्या रेट्यात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या फौजदाराच्या कमरेला पिस्तूल असते. शेकडो माणसे त्याला घासून जातात. तरी ते खाली पडत नाही आणि कोणाच्या हातीही लागत नाही. हे काम होल्स्टरचे, म्हणजे पिस्तुलाच्या कमरेवरच्या म्यानाचे. डोंगरात रानात निघालेला माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो, तशातलाच हा प्रकार. पण कोयता कोणीही काढला तरी चालतो. पिस्तूल मात्र एकाच माणसाला काढता आले पाहिजे.

सुरुवात पट्ट्यापासून करू. भरलेले पिस्तूल साधारण एक किलोचे असते. पॅन्टच्या नेहमीच्या मऊ पट्ट्यावर ते लावले, की म्यान बाहेर झुकते आणि पिस्तूल ओढताना म्यानही वर येते. म्हणून पट्टा रुंद आणि ताठ हवा. अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरका जाणारा चामडी पट्टा आपण संचलनात पाहिला असेल, तो सॅम ब्राउन बेल्ट. १८५८ साली भारतातल्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो. एका हाताने तलवार सावरणे जमेना, तेव्हा तिचा भार खांद्यावर घेण्याची ही युक्ती निघाली.

मग हत्याराप्रमाणे म्यान. ईशापूरच्या कारखान्यातले नऊ एमएम पिस्तूल चपटे असते आणि त्यात १३ गोळ्या बसतात. पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हरला ६ गोळ्यांचे फुगीर चक्र असते. एकाचे म्यान दुसऱ्याला चालत नाही. घाईत सहकाऱ्याचे म्यान उसने घेणे ही नेहमीची चूक. त्यात हत्यार खुळखुळते, किंवा चाप, म्हणजे ट्रिगर, उघडा राहतो. चाप पूर्ण झाकलेला असणे ही म्यानाची पहिली परीक्षा.

सर्वांत जुना प्रकार झाकणाच्या चामडी म्यानाचा. वरून झाकण आणि त्याला बटण. धूळपाऊस आत जात नाही, पण हत्यार काढायला वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारात झाकणाऐवजी एक पट्टी असते. ती अंगठ्याने सोडायची. तिसरा प्रकार साच्यातल्या कडक प्लॅस्टिकचा. पिस्तूल आत गेले की खट् आवाज होतो आणि आतली कळ ते धरून ठेवते. कळ कुठे आणि कशी दाबायची, हे वापरणाऱ्याच्या हाताला सरावाने ठाऊक असते, ओढणाऱ्याला नसते. गर्दीच्या बंदोबस्तासाठी मला हाच प्रकार सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र सराव नसेल तर ती कळ खुद्द मालकालाच ऐन वेळी सापडत नाही.

बुलेटप्रूफ जाकिटाने कंबर झाकली जाते, म्हणून कमांडो म्यान मांडीवर बांधतात. तिथले पट्टे सैल राहिले, तर पायऱ्या चढताना ते पायावर आपटत राहते. साध्या वेशातल्या पोलिसांचे म्यान पॅन्टच्या आत, शर्टाखाली असते. आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील २०२१-२२ मध्ये राज्याचे गृहमंत्री होते. तेव्हा त्याच तालुक्यातल्या मंचरच्या लोकांनी असे म्यान लपवलेले, सफारी सूटमधले अंगरक्षक जवळून पाहिले असतील. काखेतले म्यान सिनेमात शोभते. प्रत्यक्षात त्याच्या काही प्रकारांत नळीचे तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे राहते, म्हणून गर्दीत ते नकोच.

आता दोरी. पिस्तुलाच्या मुठीला कडी असते. तिच्यातून निघालेली दोरी, जिला लॅनयार्ड म्हणतात, पट्ट्याला किंवा खांद्याला बांधतात. हात पूर्ण लांब केल्यावर ती जेमतेम ताणली जावी. जास्त लांब असेल, तर मोटारसायकलच्या हँडलमध्ये अडकते. आखूड असेल, तर नेम धरू देत नाही. गळ्यात तर ती कधीच नको. झटापटीत तिचाच फास होतो.

सर्वांत जपायची पायरी म्हणजे पिस्तूल परत आत ठेवणे. काढताना सगळे सावध असतात, ठेवताना घाई होते. शर्टाचे टोक किंवा रेनकोटची नाडी आत शिरून चापाला अडकली, की गोळी सुटू शकते, आणि ती आपल्याच मांडीत जाते. म्हणून बोट चापापासून दूर, नळीला समांतर धरायचे, म्यानाचे तोंड मोकळे आहे ना ते पाहायचे, आणि सावकाश ठेवायचे.

माळशेज आणि भीमाशंकरच्या पावसात चामड्याचे हाल होतात. ओले चामडे ओल धरून ठेवते आणि पिस्तुलाला गंज चढतो. त्यामुळे रात्री हत्यार चामडी म्यानात ठेवू नये. भिजलेले म्यान चुलीजवळ किंवा हीटरजवळ वाळवले, तर ते आक्रसते. सावलीत वाळवावे. वर्षानुवर्षे वापरून म्यानाचे तोंड मऊ पडले असेल, तर त्याची घडी आत वळून चापावर दाब देऊ शकते. असे म्यान शिवत बसू नये, सरळ बदलावे.

आपल्यासाठी एवढेच: यात्रेत किंवा गडावर पोलिसांसोबत फोटो काढायचा असेल, तर पिस्तूल नसलेल्या बाजूला, बहुतेक वेळा त्यांच्या डाव्या हाताला, उभे राहा. आणि कडेवरच्या मुलाचा हात त्या म्यानाकडे जाऊ देऊ नका.