निकालांत काढलेली मोटार पुन्हां रस्त्यावर

आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे व लेकी आज इंग्लंडांत संसार थाटून आहेत. अपघातांत सांपडलेली मोटार विमाकंपनीनें निकालांत काढली, तरी ती तेथें दर वेळीं भंगारांतच जाते असें नाहीं. १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग केले आहेत. ‘ए’ वर्गाची गाडी संपूर्ण चेपून टाकावी लागते. ‘बी’चा सांगाडा नष्ट करून सुटे भाग तेवढे वापरतां येतात. ‘एस्’ म्हणजे सांगाड्यास इजा झालेली व ‘एन्’ म्हणजे सांगाडा शाबूत असलेली; ह्या दोन मात्र नीट दुरुस्त झाल्यास रस्त्यावर येऊं शकतात.

‘एस्’ वर्गाची गाडी मालकानें स्वतःकडे ठेविली, तर जुनें नोंदणीपुस्तक विमाकंपनीकडे पाठवून सरकारी वाहनखात्याकडे नव्या प्रतीसाठीं अर्ज करावा लागतो. ती विनामूल्य मिळते. पण तींत गाडीचा वर्ग नमूद असतो. शिवाय कर, विमा आणि तीन वर्षांवरील गाडीस वार्षिक तपासणीचा दाखला हीं हवींतच.

परंतु दाखला म्हणजे अभयपत्र नव्हे. तपासनीस गाडीचे भाग उकलून पाहात नाहीं. आंतील सांधा कसा जोडला आहे हें त्यास दिसत नाहीं. यास्तव त्रयस्थ जाणकाराकडून सांगाडा तपासून घ्यावा, आणि विमाकंपनीस व पुढील गिऱ्हाइकास गाडीचा वर्ग स्पष्ट सांगावा. अशी गाडी स्वस्त पडते हें खरें. पण तींत बसावयाचीं तीं आपलींच मुलेंबाळें!