उठलेल्या गावाचं गवत

पहाटे 4.30
भाद्रपद. पावसाची रात्रभर झड होती, आत्ताच थांबली. अंगण झाडून चूल पेटवते. गॅस आहे, पण आंबील चुलीवरच शिजवते. हे घर सौंदडच्या बाजूचं, श्रीरामपूरचं. आमचं गाव नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानात होतं. कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही तीन गावं तिथून उठली आणि इथे वसली. 2013 च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्याच्याच आगेमागे. माझी मुलगी सौंदड स्टेशनवरून रेल्वेने गोंदियाला कॉलेजला जाते. जंगलात राहिलो असतो तर ती एवढी शिकली नसती, हे मी कुणाहीसमोर बोलते.

सकाळी 6
डब्यात भात आणि लाखोरीचं वरण. विळा, कुदळ, हातमोजे. गवताच्या कामाच्या बाया रस्त्यावर जमतात, तिथून गाडीने जंगलाकडे.

सकाळी 7.30
जंगलाचे गार्ड वाट बघत असतात. वयाने पोरगेलेसे आहेत.
"मावशी, खालच्या बांधीत काल अस्वलाच्या खुणा होत्या. सुट्या सुट्या फिरू नका."
"होय जी, टोळीनंच जाऊ."
अस्वलाला ही वाट नवी नाही. मोहफुलाच्या दिवसांत आम्ही पहाटे टोपली घेऊन निघायचो तेव्हा तेही झाडाखाली असायचं.

सकाळी 8 ते 11.30
आमच्या जुन्या गावाच्या जागी आता घरं नाहीत. पण धुरे आहेत, धुऱ्यावरची मोहाची झाडं आहेत. कुठली बांधी कुणाची, हे आम्ही डोळे मिटून सांगू. धान पिकायचं तिथे आता गवत पाहिजे. चितळ, सांबर, रानगवा यांचं पोट गवतावर, आणि वाघाचं पोट त्यांच्यावर. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा खूप बातम्या आल्या. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. तेवढी चितळं कशावर जगणार, याची बातमी कुणी केली नाही.

माणूस उठला की तिथे आपोआप गवत येतं, असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं होत नाही. नांगरलेल्या, शेणखत घातलेल्या जमिनीत आधी तरोटा माजतो, त्याच्यामागे रानतुळस आणि कडेने घाणेरी. पहिल्या पावसातला कोवळा तरोटा आम्ही भाजीला खुडायचो, आजही खुडतो. पण तो कमरेएवढा वाढला की खाली दुसरं काही उगवू देत नाही, आणि हरणं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून तो आत्ताच, शेंगा वाळायच्या आत उपटायचा. जमीन ओली असते, मुळासकट निघतो. नुसता कापला तर बुडातून पुन्हा फुटतो. शेंग फुटून बी एकदा मातीत गेलं की वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे एकाच जागी लागोपाठ तीन-चार पावसाळे हेच काम करावं लागतं. एक वर्ष चुकलं, की मागची मेहनत मातीत जाते.

रानतुळशीचा वास हाताला दिवसभर राहतो. तिला फूल यायच्या आत गाठायचं. उपटलेलं सगळं एका जागी ढीग लावून कुजवायचं, इकडेतिकडे फेकायचं नाही.

गवत ओळखायला नव्या पोरींना वेळ लागतो. मारवेल मऊ, गोड, जनावर आधी त्याच्यावर जातं. पवनाही चांगला. कुसळी कोवळी असेतोवर चालते, पिकली की तिची कुसळं जनावराच्या तोंडात रुततात. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, आयुष्यभर बैल सांभाळले त्यातून शिकलो.

दुपारी 12
मोहाखाली डबा. मोहाची पिकलेली फळं वेचून आम्ही टोरीचं तेल काढायचो. आता तेल दुकानातून येतं.

दुपारी 1
घाणेरी. ही अंगमेहनतीची. वरून छाटली तर दुप्पट जोमाने येते. खोडाला लागून माती उकरायची, जमिनीखाली तीन-चार बोटांवर मूळ तोडायचं आणि झाड उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं पुन्हा माती धरत नाहीत. बोटांत काटे जातातच.

दुपारी 3
सर आली. अशात मारवेलाचे ठोंब लावायचे. चिखलात ओळीने, धानाच्या रोवणीसारखे. रोवणीचा हात ज्या बाईला आहे तिचे ठोंब मरत नाहीत. पुढे पीक निसवतं तसे गवताला दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. तेव्हा बी गोळा करायचं, वाळवून ठेवायचं आणि पुढच्या मृगात मोकळ्या जागी टाकायचं.

दुपारी 4.30
परतताना जुन्या विहिरीजवळच्या बांधीत चितळं चरत होती. दोन वर्षांपूर्वी तिथे नुसता तरोटा होता.

संध्याकाळी 6
सांदवाडीतल्या वांग्यांना माती लावली. इथे आंबा, सीताफळ लावलंय, आंब्याला गेल्या साली पहिला मोहर आला. पण मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक, सरपण, बोडीतले मासे हे सगळं तिथे अंगणाबाहेर मिळायचं. एका कुटुंबाला दहा लाखांचा मोबदला ठरला तेव्हा यातलं काहीच मोजलं गेलं नाही. पैसा घरबांधणीत, लग्नांत गेला. मजुरी मात्र रोज शोधावी लागते. याच कारणाने, आणि दिलेले शब्द पाळले गेले नाहीत म्हणून, आमची माणसं मध्यंतरी पुन्हा जंगलात जाऊन बसली होती. मला त्यांचा राग येत नाही.

रात्री 8
मुलगी विचारते, "आई, वाघासाठी एवढं कशाला राबता?" मी वाघासाठी राबत नाही. ती जमीन माझ्या सासऱ्याने कसली. ती तरोट्याखाली पडीक जावी हे मला बघवत नाही.

गाव उठवायला कागद, पैसा आणि मोठे अधिकारी लागतात. त्यानंतर त्या जमिनीवर दरवर्षी शंभर हात लागतात, आणि ते काम वर्षातून मोजकेच दिवस निघतं. नवेगाव असो, मेळघाट असो की ताडोबा, जिथे जिथे गाव उठलं तिथल्या गवताचं काम दरसाल निघालं पाहिजे, आणि त्याची पहिली हाक ज्यांचं गाव उठलं त्यांना गेली पाहिजे.