खोटे बोलणारा ओळखायचा कसा?



"मला माणूस चेहऱ्यावरून कळतो," असे आपल्यापैकी पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. नजर चुकवली, घाम पुसला, चुळबुळ केली, की झाले! चोराच्या मनात चांदणे! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारले होते, की खोटे बोलणारा कसा ओळखावा? सगळ्यात जास्त उत्तर हेच आले, की तो डोळ्याला डोळा देत नाही. पण त्याच वर्षी बॉन्ड आणि डीपॉलो या अमेरिकन अभ्यासकांनी २०० हून अधिक अभ्यासांचे निकाल एकत्र केले. नुसते पाहून-ऐकून खरेखोटे सांगणारी माणसे शंभरात ५४ वेळा बरोबर निघाली. अहो, नाणे उडवले तरी ५० वेळा बरोबर येते!

असे का होते, ते आम्हा नर्सबायकांना चांगले ठाऊक. डॉक्टरांचा पांढरा कोट दिसला की कितीतरी लोकांचे ब्लडप्रेशर वर जाते. भीतीने नाडी जलद चालते, तोंडाला कोरड पडते, तळहात ओले होतात. खरे बोलणाराही घाबरतो, कारण आपल्यावर कोणी विश्वास ठेवील का, ही त्याला धास्ती. पॉलिग्राफचे यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम एवढेच मोजते. खोटे मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. आणि नजरेचे म्हणाल, तर आपल्या कोकणात वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून बोलणे हे चांगले वळण समजत. त्याला काय लबाडी म्हणायचे?

मग करावे काय? चेहरा सोडावा आणि बोलणे तपासावे. आपल्या जुन्या न्यायसभेची हीच रीत होती. मिश्नाच्या सान्हेद्रिन भागात सांगितले आहे, की प्रत्येक साक्षीदाराला सात प्रश्न विचारीत. त्यांत कोणते वर्ष, कोणता महिना, कितवी तारीख, कोणता वार, कोणती वेळ, कोणती जागा, हे सगळे येई. बेन झक्काय यांनी तर एकदा अंजिराच्या देठांबद्दल विचारले. पढवलेला साक्षीदार मुख्य गोष्ट पाठ करून येतो, देठ कुठून पाठ करणार? आजचे अभ्यासकही हेच सांगतात, की ज्याची तयारी केलेली नाही असा साधा प्रश्न विचारावा.

दुसरे म्हणजे बाहेरचा पुरावा पाहावा. मधुमेहाचा रोगी तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करतो आणि म्हणतो, "सिस्टर, मी पथ्य पाळतो." उपाशीपोटीची साखर छान येते. पण एच.बी.ए.१सी. या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. तिथे चेहरा वाचायची गरजच नाही. मात्र पकडल्यावर रागवू नये. माणूस बहुतेक वेळा लाजेपोटी खोटे सांगतो. रागावलात तर पुढच्या खेपेला तो अजून लपवील.

आणि एक लक्षात ठेवा. सगळे चुकीचे बोलणे म्हणजे खोटे नव्हे. स्मृतिभ्रंश झालेली आजी म्हणते, "माझ्या पाटल्या त्या मेतापेलेतने चोरल्या." आजी खोटे बोलत नाही. पाटल्या कुठे ठेवल्या ते ती विसरली, आणि रिकामी जागा मनाने भरून काढली. त्या परक्या देशातल्या गरीब बाईवर आळ घेण्याआधी कपाट, उशीची खोळ, तांदळाचा डबा नीट पाहा. आजीलाही "खोटारडी" म्हणू नका.

आता सगळ्यात जरुरीचे. हल्ली कॉम्प्युटर थोडासा आवाज ऐकून तुमच्या नातवाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. फोन येतो, "आजी, मला अपघात झालाय, लगेच पैसे पाठव, आईला सांगू नकोस." घाई, भीती आणि गुपित, ही तीन एकत्र आली की सावध व्हा. फोन ठेवा. मग वहीत लिहिलेल्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन करा. बँकेच्या नावाने फोन आला तरी हेच करा. लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही!

बालमित्रांनो, एक काम तुमच्याकडे. आजच आजी-आजोबांबरोबर एक परवलीचा शब्द ठरवा, फक्त घरच्यांना ठाऊक असलेला. 'मलिदा' नको हं, तो कोणालाही सुचेल!

आईवडिलांसाठीही थोडे सांगते. लहान मुले साधारण तीन-चार वर्षांची झाली की खोटे बोलून पाहतातच, ते वाढीचे लक्षण आहे. घाबरून जाऊ नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगितल्या. आपली 'लांडगा आला रे आला' ऐकून मुले जास्त खरे बोलू लागली नाहीत. पण झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनला वडिलांनी शाबासकी दिली, ती गोष्ट ऐकलेली मुले जास्त खरे बोलली. म्हणजे शिक्षेच्या धाकापेक्षा शाबासकी कामास आली.

तेव्हा नातू "बरणी मी फोडली" म्हणाला, तर आधी त्याला जवळ घ्या. काचा मग गोळा करू.